मास्तरांच्या माशा

६ मार्च, गुरुवार

नको ते ऐकलं आज.

गळवाल्याच्या दुकानात मागच्या फळीपाशी मासेमारीची रिळं बघत उभा होतो. पुढे काउंटरशी एक चष्मेवाला गिऱ्हाईक. आवाज खाली आणून बोलत होता. माझ्यापुढे आवाज खाली आणून उपयोग नाही – जन्म गेला मोटरी आणि पंप दुरुस्त करण्यात. बेअरिंगमधली कुरकुर मला फाटकातून कळते.

"मास्तरांनी गळावर बांधलेल्या माशा आता पाण्यात सुटतात हो. दुसऱ्या फेकीला केस सैल, तिसऱ्या फेकीला नुसता गळ!"

"निघते एखादी तशी," गळवाला म्हणाला.

"एखादी? सगळ्याच! माशाने खाल्ल्या असत्या तर वाईट वाटलं नसतं. पाण्यानेच खाल्ल्या."

दोघं हसले. गळवाला जरा कमी हसला. मग म्हणाला, "पुढची खेप परतच पाठवावी लागणार. मास्तरांना कसं सांगायचं तेवढं कळत नाही."

रीळ न घेताच बाहेर पडलो.

मास्तरांना माशा परत! मास्तरांचं शिलाईचं दुकान आणि माझं पहिलं वर्कशॉप यांच्यामध्ये एकच भिंत होती. पुढे मी मोठ्या जागेत गेलो, पण चहाला तिथेच. त्यांच्या मशीनची चाल माझ्या कानात पक्की बसलेली – एकसारखी, न अडखळणारी. मग कधीतरी ती तुटायला लागली. टाके, थांबा, टाके, थांबा. मला तेव्हाच कळलं. डॉक्टरांना नंतर कळलं – हाताचा कंप. आणि तोही डाव्या हाताचा. मास्तर डावखुरे!

दुकान बंद झालं. मशीन गेलं. उरल्या फक्त माशा – केस आणि जर गळावर बांधून मासा फसवायची ही सोंगं.

८ मार्च, शनिवार

मास्तरांकडे गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं – आत काम चाललंय.

खिडकीपाशी त्यांचं टेबल. छोट्या पकडीच्या, व्हाइसच्या तोंडात गळ, त्याचं नेढं डावीकडे – डावखुऱ्याचा गळ असाच लागतो. आधी गळाच्या दांडीवर चंदेरी जर गुंडाळली, मधे मधे फट ठेवून, म्हणजे पट्टे दिसतात. ते बरं जमलं. फिरत्या हाताचा कंप दिसत नाही. मग केस. हरणाच्या शेपटीचे – पोटाला पांढरे, पाठीला गडद हिरवे रंगवलेले. चिमूटभर केस नेढ्यामागे धरायचे आणि धाग्याचे वेढे आवळायचे. इथे हात स्थिर हवा. इथेच सगळं बिघडतं. धागा ताणला की कंप धाग्यात उतरतो. तुटेल या भीतीने मास्तर ताण सोडतात. वरून देखणं, आतून सैल.

मला ते ऐकू येत होतं. चांगला ताणलेला धागा बॉबिनच्या नळीतून जाताना बारीक गातो. मास्तरांचा धागा गप्प होता.

"काय कारखानदार, आज वाट चुकलास?" मान वर न करता मास्तर.

"चहा प्यायला आलो."

"चहा वहिनीकडे माग. माझ्याकडे नुसती बोलणी मिळतील."

मग झालेली माशी माझ्यासमोर धरली. काय रूप! हुबेहूब छोटी मासोळी. डोळा टाचणीच्या डोक्याने टेकवलेला – पिवळा, त्यात काळा ठिपका. (तेव्हा मनगट टेबलावर टेकता येतं, म्हणून डोळा अजून जमतो.) मास्तरांच्या मासोळीचा डोळा नेहमी किंचित दचकलेला असतो. मागून कोण येतंय ते तिला आत्ताच, या क्षणी कळलंय, असा. त्या डोळ्यासाठी लोक त्यांची माशी मागून घेतात.

वहिनी जिन्यापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "भावजी, सकाळी त्या टेबलासाठी उठतात. त्यासाठी दाढी करतात. दुकानातून काही कमी-जास्त कानावर आलं तर आधी मला सांगा हं. हे बंद झालं ना, तर मग ते पलंगावरून उठायचेच नाहीत."

मी म्हटलं, कानावर तर काही नाही आलं.

माझ्या! कानावर!

९ मार्च, रविवार

हिने आज पुन्हा विचारलं, "दिसते मासोळीसारखी, खातो मासा, आणि नाव माशी. हे काय गौडबंगाल?"

सांगितलं – पूर्वी गळावर किड्यांची, माशांची सोंगं बांधायचे. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, मोठा मासा किड्यांवर कशाला पोट भरेल, त्याला लहान मासाच दाखवू. सोंग बदललं, नाव तेच राहिलं.

"म्हणजे तुमच्या 'कारखान्या'सारखं," ही म्हणाली. "तीन खोल्या आणि कारखाना."

बोलण्यात हिच्याशी जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय.

मास्तरांची एक माशी काल खिशात घालून आणली होती. पाण्याच्या ग्लासात सोडली. केस ओले झाले, एकत्र आले, अंग धरलं, शेपूट हलली – जिवंतच! मग दोरा धरून जरा हिसका दिला. पाठीचे हिरवे केस सुटून वर तरंगले.

ग्लास टेबलावर ठेवून विचार करत बसलो. हिने तो उचलला आणि तोंडाला लावणार! ओरडलो. आता घरात माझा ग्लास वेगळा. त्याला लाल चिकटपट्टी. बाजूला उभा, वाळीत टाकल्यासारखा.

१० मार्च, सोमवार

सुचलं!

माशी बांधून झाली की डोक्यावरच्या धाग्याला वॉर्निश लावतात. मास्तर वहिनींची बिनरंगी नेलपॉलिश वापरतात. माझ्याकडे वाइंडिंगचं वॉर्निश आहे, सुकवायला ओव्हन आहे. मास्तरांना म्हणायचं – द्या माझ्याकडे, पक्कं वॉर्निश लावून देतो, तसाही दुकानात मीच पोचवतो. आणि वर्कशॉपच्या मागच्या खोलीत बसून एकेक माशी सोडायची, पुन्हा आवळून बांधायची.

संध्याकाळी गेलो आणि सांगितलं. मास्तर माझ्याकडे बघतच राहिले.

"वॉर्निश?"

"हो. मोटरीचं. पाण्यात पंप चालतो त्याच्यावर, माशी नाही टिकणार?"

"वॉर्निश लावून देणार तू." आणि हसायला लागले. खोकला लागेपर्यंत हसले. वहिनी पाणी घेऊन धावल्या. "ने बाबा, ने. लाव वॉर्निश."

काय एवढं हसण्यासारखं होतं कोण जाणे. पण माशांचा डबा मिळाला.

११ मार्च, मंगळवार

सोपं वाटलं होतं. नाही!

धागा सोडला की जरही सुटते. म्हणजे सगळंच नव्याने. आणि मी उजवा, मास्तर डावखुरे. नेढ्याच्या बाजूने पाहिलं तर माझे वेढे घड्याळाच्या काट्यांसारखे जातात, त्यांचे उलट. त्यामुळे जरीचे पट्टे माझ्या माशीवर एका अंगाला कलतात, त्यांच्या माशीवर दुसऱ्या. बाकी कोणी बघणार नाही. मास्तर बघतील. कापडाची उभी-आडवी वीण अंधारात बोटाने सांगणारा माणूस तो.

तेव्हा उलटं गुंडाळायला शिकणं आलं. या वयात!

१२ मार्च, बुधवार

हात उलटा फिरेना. फिरला तर डोकं फिरेना. दिवसभराची कमाई – कचऱ्याची टोपली.

१५ मार्च, शनिवार

आज जमलं.

उलट वेढ्याचं मला नवल वाटायला नको होतं. मोटरीत हाच तर सगळा खेळ. एक वाइंडिंग उलटं पडलं की पंप पाणी वर चढवायचं सोडून नुसता गुरगुरतो. नवीन कारागीर ठेवला की मी पहिल्यांदा त्याच्या कॉइलची दिशा बघतो, मग त्याचं नाव विचारतो. आणि माशीवर तीच दिशा बदलताना माझे हात चार दिवस रुसले!

केस त्यांचेच वापरतो. गळ त्यांचा, जर त्यांची. डोळाही त्यांचाच ठेवला असता – पण डोकं नव्याने बांधलं की डोळा जातो, मग तो मात्र मलाच काढावा लागतो. टाचणी टेकवतो. माझा डोळा दचकत नाही. झोपेतून उठल्यासारखा दिसतो. पुसून पुन्हा काढतो. पाचव्या-सहाव्या वेळी जरा घाबरल्यासारखा होतो, तेवढ्यावर भागवतो.

विचार येतो – मग ही माशी कोणाची? जळलेली मोटर माझ्याकडे येते. आतलं तांबं सगळं काढतो, नवीन भरतो. बाहेरचं बीडाचं कवच तेवढं जुनं. तरी मोटर गिऱ्हाइकाचीच. "माझी मोटर झाली का?" असंच विचारतो तो. मी कधी म्हणत नाही की आता ती माझी. इथे तर तांबंसुद्धा मास्तरांचं. माझा फक्त ताण.

१६ मार्च, रविवार

हिला सांगून टाकलं. म्हटलं कौतुक करेल.

"म्हणजे फसवताय त्यांना."

"फसवणं नाही गं. सांभाळणं."

"कळलं त्यांना, तर? म्हातारा मानी आहे. मी दिलेला डबासुद्धा रिकामा परत करत नाही तो. तुम्ही भीक घातलीत असं वाटलं त्याला, तर उठणार नाही खुर्चीतून. मग काय सांभाळलंत?"

मी पेपर उलगडला.

"तुम्हाला चाललं असतं का, कोणी असं तुमचं काम मागच्या मागे केलेलं?"

"माझं कोण करणार? मी जे केलं ते स्वतःच्या हाताने केलं. कोणाचं बोट धरलं नाही –"

"झालं सुरू," म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

१९ मार्च, बुधवार

बँकेतून नवीन साहेब वर्कशॉप बघायला आला. माझ्या टेबलामागची चौकट त्याला दिसली. सगळ्यांना दिसते – तशीच लावली आहे. काचेमागे एक माशी, बाकी काही नाही.

"हे काय आहे?"

आमची मुलगी शेजारच्या टेबलाशी बसून हिशेब करत होती. मान खाली घालून हसली. तिला पाठ आहे.

सांगितलं. नोकरी सोडून वर्कशॉप काढलं होतं, चालत नव्हतं. ही रोज म्हणायची, परत जा, पाय धरा. मास्तर मला रविवारी नदीवर न्यायचे, तेवढाच विरंगुळा. माशी बांधायला त्यांनीच शिकवलं. मी बांधलेल्या माशांना ते झाडू म्हणायचे. कॉइल भरणारा मी – जागा दिसली की भरायची! "विरळ ठेव लेका. केसांतून पलीकडचं दिसलं पाहिजे. पाण्याला आत यायला जागा ठेव." महिनाभर झाडूच बांधले. शेवटी एक बांधली, मलाच बरी वाटली. मास्तरांनी निरखून पाहिली, म्हणाले, राहू दे इथे, वॉर्निश लावून ठेवतो. त्या रविवारी मोठ्या डोहाशी सगळ्यांचे गळ कोरडे. मास्तरांचासुद्धा! आणि माझ्या त्या माशीवर असा मासा लागला की दोघांनी ओढून काढला. घरी येऊन हिला सांगितलं – नोकरी नाही. जो माणूस स्वतःच्या हाताने ही माशी बांधू शकतो, तो उपाशी मरत नाही.

साहेबाने मान डोलावली. "सेल्फ-मेड," म्हणाला.

मी नको नको म्हटलं. पण गोड वाटतं ते वाटतंच.

२२ मार्च, शनिवार

गळवाल्याकडे गेलो. मागच्या फळीपाशी उभा राहिलो, मुद्दाम. चष्मेवाला नव्हता, पण दुसरे दोघे होते.

"मास्तर परत सुरात आले बरं का. परवाची माशी – माशाने अर्धी शेपूट खाल्ली, पण डोकं जागच्या जागी!"

रीळ घेतलं. दोन घेतली.

२३ मार्च, रविवार

वहिनींचा फोन. मास्तर शीळ घालतायत. वर्षभराने! जेवताना आणखी वाढ म्हणाले. म्हणाले, "हात सुधारतोय बहुतेक. डॉक्टरांना काय कळतंय."

वहिनी रडत होत्या की हसत, फोनवर कळलं नाही. मला सहसा कळतं.

खरं तर इथे मला आनंद व्हायला हवा. झालाही. पण "हात सुधारतोय" हे वाक्य काही डोक्यातून जात नाही. माणसाच्या घड्याळाचा काटा मीच ढकलून ठेवलाय आणि तो वेळ बघून खूष होतोय.

२७ मार्च, गुरुवार

गळवाल्याने दुप्पट माशा मागितल्या. मास्तर हो म्हणाले – न विचारता, एका फटक्यात!

मेलो.

२ एप्रिल, बुधवार

वर्कशॉपमध्ये साखर कारखान्याचा पंप आलाय. मोठा, तातडीचा. मुलगी म्हणते, "बाबा, दुपारी तुम्ही मागच्या खोलीत कडी लावून काय करता? माणसं विचारतात." म्हटलं, विचार करतो. "आवाज येतो," म्हणाली. "टाचणी पडल्याचा आणि तुमच्या शिव्यांचा."

कान माझ्याकडून घेतलेत पोरीने.

आज घाईघाईत बऱ्याच बांधल्या. एका दमात. डोळे चुरचुरतायत.

५ एप्रिल, शनिवार

घात!

डबा घेऊन दुकानाकडे निघालो होतो. वाटेत मास्तरांचं घर. वर खिडकीत मास्तर उभे. "अरे वॉर्निशवाले! दाखव तरी काम एकदा. दर वेळी परस्पर पोचवतोस."

नाही कसं म्हणणार? वर गेलो. टेबलावर डबा उघडला. मास्तरांनी एकेक माशी उचलली, उजेडाकडे धरली, बोटांत फिरवली. हात कापत होता, माशीही कापत होती, त्यामुळे ती अजूनच जिवंत दिसत होती. "छान," म्हणाले. पुढची. "छान." पुढची.

एकीशी थांबले.

मी तिथूनच पाहिलं. जरीचे पट्टे – माझे! उजवे! त्या बुधवारच्या घाईत हात आपल्या सवयीने फिरून गेला होता. आख्ख्या डब्यात एकच, आणि ती मास्तरांच्या बोटांत.

मास्तरांनी ती उलटी केली. सुलटी केली. चष्मा वर सरकवून अगदी डोळ्याशी नेली. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली, ती मला नगाऱ्यासारखी ऐकू आली.

"ही मी ठेवतो," मास्तर म्हणाले आणि सदऱ्याच्या कॉलरला अडकवली. मग म्हणाले, "पाठीचे केस थोडे कमी चालतील. पाण्याला जागा राहते."

"हो," मी म्हटलं.

हो काय? मी कशाला हो म्हटलं? माशी त्यांची, केस त्यांनी घेतलेले – मी कोण हो म्हणणारा!

चहा गरम होता की गार, आठवत नाही.

६ एप्रिल, रविवार

"कळलं त्यांना," मी हिला म्हटलं.

"मग आता?"

"माहीत नाही."

नेहमी टोमणा मारते. आज मारला नाही. त्याचीच भीती वाटली.

८ एप्रिल, मंगळवार

माफी मागायची म्हणून गेलो. जिना चढलो. घंटीवर बोट ठेवणार, तर आतून आवाज.

वहिनी म्हणत होत्या, "राग नाही आला तुम्हाला?"

मास्तर काहीतरी म्हणणार. दाराला कान लावला – हो, लावला! आणि नेमका तेव्हाच खाली टेम्पो मागे घ्यायला लागला. टीं टीं टीं टीं! मागे ये, मागे ये, आणि ये! टीं टीं! जन्मभर ज्या कानांनी कमावून दिलं, ते कान मला हव्या असलेल्या त्या एका वाक्याच्या वेळीच टेम्पोने भरून टाकले.

टेम्पो थांबला तेव्हा आत वहिनी म्हणत होत्या, "तुम्ही पण ना!" त्यात राग होता की हसू, त्या तीन शब्दांतून काय निवडून घेणार? मग भांडी.

घंटी न वाजवता खाली उतरलो.

वाटेत विचार केला. हिचं बरोबर आहे. मी त्यांना विचारायला हवं होतं. "मास्तर, धागा मी आवळतो, केस तुम्ही घ्या, डोळा तुम्ही काढा" – एवढंच. सरळ. का नाही विचारलं? ते दुखावतील म्हणून? की मदत करणारा मी, आणि ते एकट्या मलाच ठाऊक असल्याचं सुख – तेही थोडं हवं होतं? सांभाळण्यातही माणूस मोठेपणा खातो. स्वतःला विचारून बघितलं, उत्तर सोयीचं आलं नाही.

९ एप्रिल, बुधवार

माशांचा डबा आला नाही. आज त्यांचा डबा द्यायचा दिवस.

१० एप्रिल, गुरुवार

आजही नाही. वहिनींना फोन केला. म्हणाल्या, "टेबलाशी बसलेत. पण बांधत नाहीयेत काही. नुसते ती कॉलरची माशी समोर ठेवून बसलेत."

पंपाचं वाइंडिंग आज मी स्वतः भरलं. मुलगी म्हणाली, बाबा, कारागीर आहेत ना. म्हटलं, हात रिकामे नकोत.

११ एप्रिल, शुक्रवार

मास्तरांचा फोन. त्यांचा स्वतःचा – ते फोन करत नाहीत कधी, बटणं दाबताना चुकतात म्हणून.

"काय वॉर्निशवाले, जिवंत आहेस ना?"

"मास्तर, मला तुमच्याशी जरा –"

"रविवारी नदीवर जायचं. मोठ्या डोहाशी. मी काठावर बसेन, फेकायचं तू. खुर्ची घे, घडीची. तुझी वहिनी डबा देतेय."

"मास्तर, तो पट्टा –"

"ऐक. माशी मी सांगतो ती टाकायची. तुझ्या टेबलामागे भिंतीवर आहे ना, ती."

"ती? अहो, ती माझी पहिली –"

"म्हणूनच. काचेत बसून तिचं काय चाललंय? पाण्यातली वस्तू आहे. इतकी वर्षं नुसती गोष्ट सांगायला टांगून ठेवलीस!"

मास्तरांचा श्वास ऐकू येत होता. शांत होता. रागावलेला माणूस असा श्वास घेत नाही, हे मला माझ्या कानांनी सांगितलं, पण मी कानांवर विश्वास ठेवायच्या स्थितीत नव्हतो.

"आणि काढशील तेव्हा उजेडात ने," म्हणाले. "भिंग लाव. नीट बघ. गळाला गंजबिंज धरला असेल."

"बरं."

"नीट बघ हं लेका," पुन्हा म्हणाले. आणि फोन ठेवताना हसले. तेच हसू – वॉर्निशचं नाव काढलं होतं तेव्हाचं.

ही विचारत होती, काय म्हणाले. सांगितलं. थोडा वेळ पोळ्या लाटत राहिली. मग म्हणाली, "इतक्या वर्षांत तुम्ही ती चौकट एकदा तरी उघडून बघितलीत का हो?"

नाही. कशाला उघडायची? आपणच बांधलेली माशी.

१२ एप्रिल, शनिवार

चौकट उतरवली. मागचे खिळे काढले, काच बाजूला ठेवली. माशी खिडकीशी नेली, भिंग लावलं.

गंज नाही.

पट्टे डावखुरे आहेत.